स्टेपनीची जागा

कुओने आपल्या गाडीतली स्टेपनी उचलून काढली, फरशीवरून गडगडत कोपऱ्यात नेली आणि तिथे आधीपासून आडव्या पडलेल्या जुन्या स्टेपनीवर ठेवून दिली. मग बाजारात पेरू दाबून बघावेत तसा त्याने दोन्हींवर अंगठा दाबून पाहिला. "मिस्त्री," तो म्हणाला, "तुमची चांगली कडक आहे की. माझीच बसलीय." आणि तो हात पुसायला फडकं शोधू लागला. वेंग त्या वेळी गाडीच्या डिकीत अर्धा वाकून, स्टेपनी निघाल्यावर उघड्या पडलेल्या गोल खळग्यात, तिथे स्पीकरची पेटी घडवायची म्हणून, कागदी चिकटपट्टी लावत होता. त्याचा हात थांबला नाही. पट्टी सरळ लागली, टोकाशी नीट फाटली. पण मान कोपऱ्याकडे वळली. ती जुनी स्टेपनी दोन वर्षं आठ महिने त्या कोपऱ्यात पडून होती. तिच्यावर लाकडाचा भुसा साचायचा, कधी चहाचा पेला ठेवला जायचा, आणि तिला मुद्दाम हात लावणारं त्या घरात कुणी नव्हतं. टायर म्हणजे काही लोणचं नव्हे, बरणीत भरून ठेवलं की आपोआप मुरत राहील. त्यातली हवा दर महिन्याला थोडी थोडी जाते, कुणी लक्ष दिलं नाही की दीड-दोन वर्षांत तो बसतो. हा बसला नव्हता.

"माझी तर बघा, असून नसून सारखीच," कुओ म्हणाला. "आणि आजकाल कोण ठेवतं हो स्टेपनी? नव्या गाड्यांत तर देतच नाहीत. फोन केला की टोइंगवाला हजर."

वेंगने पट्टीचा पुढचा तुकडा फाडला. ही वाक्यं त्याच्या ओळखीची होती. ती त्याचीच होती, याच जागी उभं राहून त्याने स्वतः म्हटलेली.

"बाळाची ढकलगाडी डिकीत मावली पाहिजे, एवढं एकच म्हणणं आहे बायकोचं. म्हणाली, तुझा तो बेसचा ढोल कुठेही बसव, पण बाळाची जागा गेली तर तुला डिकीत झोपवीन."

"किती महिन्यांचं आहे?"

"चार. आणि गंमत सांगू, मिस्त्री? गाडीत बेस लावला की झोपतं. आई बिचारी गाणी गाऊन दमते."

"पोटात असताना तसंच ऐकू येतं त्यांना," वेंग म्हणाला. "आईच्या छातीचे ठोके म्हणजे बेसच."

"हे बायकोला सांगतो. तेवढीच खूश होईल." कुओने किल्ली हातोड्यांच्या शेजारी खिळ्याला अडकवली. "शनिवारी येतो. वरून काही कळता कामा नये हं."

"नाही कळणार," वेंग म्हणाला, आणि कुओ चालत निघून गेल्यावर बराच वेळ तो डिकीत वाकलेलाच राहिला. दोन वर्षांत त्याने स्टेपनीच्या खळग्यात एकही पेटी केली नव्हती. कुणी विचारलं की रेझिनच्या, त्या फायबर जोडायच्या चिकाच्या, वासाने छाती भरते म्हणायचा, डॉक्टरने बंदी घातलीय म्हणायचा, लाकडाची चौकोनी पेटी गळ्यात मारायचा. थायनान शहरातल्या निम्म्या गाड्यांच्या डिक्यांत त्याच्या हातच्या चौकोनी पेट्या होत्या. पण हा कुओ चार वेळा आला. शाळेचे गणवेश विकणारा माणूस, मापं घेतल्याशिवाय त्याला चैन नाही, प्रत्येक वेळी टेप घेऊन डिकी मोजून दाखवायचा की बघा, दुसरीकडे जागाच नाही. चौथ्या वेळी वेंग हो म्हणाला. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं आणि खोट्या कारणांची पोतडी संपली होती. खरं कारण एकच होतं आणि ते कोपऱ्यात आडवं पडलेलं होतं. ते तो आपल्या बायकोला सांगू शकला नव्हता, तिथे गणवेशवाल्याची काय कथा.

त्याने उठून कोपऱ्यात जाऊन कुओची स्टेपनी बाजूला केली आणि जुनीवर अंगठा दाबला. कडक होती. पायाने दाबली. पाय जसाच्या तसा राहिला. मग तो परत आला, खळग्याला मेण चोपडलं, फायबरच्या कापडाचे पंज्याएवढे तुकडे कापून एका बाजूला रचले आणि डब्यात रेझिन ओतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणाला तरी माहीत आहे, हे एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. कुणाला तरी ती स्टेपनी कुठल्या गाडीची आहे हे माहीत आहे. नाहीतर जुन्या टायरमध्ये हवा कोण भरतं? शेजारचा सुपारीवाला? त्याला स्वतःच्या स्कूटरमध्ये हवा भरायचा आळस. ब्रशने पहिला तुकडा खळग्याच्या तळाशी बसवताना त्याला जाणवलं की रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर घालायचा राहिला आहे. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने तुकडा उचलून टाकून दिला, पुन्हा मोजून मिसळलं, आणि तो ओळखीचा गोड, डोकं धरणारा वास वर आला. वासाबरोबर शुन आठवला, कारण शुन कारखान्यात आला की पहिल्यांदा नाक धरायचा आणि मग मदतीला बसायचा.

शुन त्याचा एकुलता एक मुलगा. थायचुंगला लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी होती त्याची, महिन्यातून दोनदा घरी यायचा, आणि डिकी कायम हत्यारांच्या पेट्यांनी भरलेली. त्याला खरं तर सीटखाली सरकवायचा बेसचा छोटासा वूफर चालला असता. "बाबा, मला गाणी ऐकायचीत, इमारती पाडायच्या नाहीत," असं म्हणाला होता. वेंगने ऐकलं नाही. दुनियेच्या गाड्यांत पेट्या बसवल्या आणि स्वतःच्या पोराच्या गाडीत चिनीमातीच्या कपासारखा आवाज? त्याने स्वतः डिकी उघडली, गालिचा उचलला, स्टेपनीवर टकटक केलं आणि म्हणाला की ही जागा फुकट जातेय. इथे करतो. डिकी जशीच्या तशी राहील, वरून कुणाच्या बापाला कळणार नाही. शुन म्हणाला, "आणि स्टेपनी?" तेव्हा वेंगने ते वाक्य म्हटलं. आजकाल कोण ठेवतं. शुन जरा घुटमळला होता. "आई विचारते ना प्रत्येक वेळी," असं म्हणाला. "विचारते तर हो म्हण," वेंग म्हणाला. ते दोघं हसले होते, चोरून विडी ओढणारी दोन पोरं हसतात तसे, आणि त्या हसण्यात वेंगला फार सुख झालं होतं हे त्याला आता आठवत होतं. पोरगा मोठा झाल्यापासून त्या दोघांत गुपित असं काही उरलं नव्हतं. हे पहिलं.

शुनच्या आईचं नाव पी-युन. ती ट्रकवाल्याची मुलगी. तिचा बाप बर्फातली मासळी भरून रात्रंदिवस बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि म्हणायचा, चार चाकं इंजिनाची, पाचवं देवाचं. तिला निरोप देता यायचा नाही. गळ्यात पडणं, नीट जा, पोचल्यावर फोन कर, हे तिच्या जिभेवर यायचं नाही. शुन गाडीत बसला की ती खिडकीशी वाकायची आणि एकच विचारायची, "स्टेपनीत हवा आहे ना?" शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलाला आईने पाण्याची बाटली विचारावी तसं. आणि शुन म्हणायचा, "आहे, आई." पेटी बसवल्यावरही म्हणायचा. फक्त म्हणताना तिच्या खांद्यावरून बापाकडे बघायचा आणि बाप डोळे खाली करून सुपारीवाल्याच्या दुकानाकडे बघायचा. आठ महिने हे चाललं. सोळा वेळा तिने विचारलं असेल आणि सोळा वेळा तो आहे म्हणाला असेल.

तिसरा थर बसवताना वेंगने छोट्या रोलरने बुडबुडे दाबून बाहेर काढले. थरात हवा राहिली की तिथे पेटी कमजोर होते, नको तिथे हवा नको आणि हवी तिथून कणभरही जाता कामा नये. नव्या गिऱ्हाइकांना तो सांगायचा, आपण लाकूड विकत नाही, फायबर विकत नाही, आपण हवा विकतो. पेटी म्हणजे आत कोंडलेली हवा. स्पीकर मागे आला की ती त्याला पुढे ढकलते, पुढे गेला की मागे ओढते, त्या ओढाताणीला लोक बेस म्हणतात. पी-युन वरच्या मजल्यावरच्या घरातून ओरडायची, "हवा विकून पोट भरणारा एवढा एकच माणूस बघितला." शुनच्या पेटीत किती हवा मावते हे त्याने तांदळाने मोजलं होतं. खळग्यातून सुटून आलेलं, उलट्या टोपलीसारखं ते फायबरचं भांडं प्लास्टिक घालून त्याने स्वयंपाकघरात नेलं आणि तिच्या पिंपातले तांदूळ मापाने ओतत बसला. बावीस लिटर भरले. त्यातून स्पीकर स्वतः जेवढी जागा अडवतो तेवढी वजा करायची असते, नवशिके नेमकं तेवढंच विसरतात. पी-युन कमरेवर हात ठेवून उभी होती. "पोराला जेवायला बोलावलंयस की त्याच्या गाडीला?" शुन हसून हसून भिंतीला टेकला. "आई, गाडी जास्त खाते." कुठल्या जागेत बसणार आहे ही टोपली, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांपैकी एकाची जीभ अडखळली असती. ट्रकवाल्याच्या पोरीला गोल खळगा ओळखायला किती वेळ लागतो? पण ती तांदळाकडे बघत होती, एक दाणा सांडला तरी बोलायचं म्हणून.

फोन आला तो रविवार होता, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. शुन परत थायचुंगला निघून तास झाला होता. "बाबा, मागचा टायर गेला. हायवेवर बाजूला उभाय." वेंग म्हणाला, टोइंगला फोन कर. "केलाय. चाळीस मिनिटं म्हणतोय." मागे गाड्या जाताना फडाफड आवाज येत होता, एकेक गाडी फोनमधून गेल्यासारखी. "त्रिकोण ठेवलायस ना?" "ठेवलाय." मग शुन जरा हसला आणि म्हणाला, "आईला सांगू नकोस हं. स्टेपनीचं निघेल." वेंग म्हणाला, "नाही सांगत." एवढंच बोलणं झालं. वाऱ्याने त्रिकोण पडला असावा, तो उभा करायला शुन मागे गेला असावा, असं पोलिसांचं म्हणणं. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मागून ट्रक आला. वेळ पोलिसांच्या कागदावर होती. चाक बदलायला शुनला बारा मिनिटं लागायची. वेंगनेच शिकवलं होतं, हातात घड्याळ धरून, आणि एकदा त्याने अकरा मिनिटांतही बदललं होतं. एकतीसातून बारा गेले की एकोणीस उरतात. एकोणीस मिनिटांत शुन वाटेवरच्या च्याई शहराच्या पुढे गेला असता, गाणी लावून, स्टिअरिंगवर बोटं वाजवत. वेंगने हा हिशेब हजार वेळा केला होता. कधी तो बारा मिनिटांऐवजी वीस धरायचा, हात घसरला, नट अडकला, सगळं वाईटात वाईट धरायचा. तरीही मिनिटं उरायचीच. एकदाही ती संपली नव्हती.

नातेवाईक आले आणि म्हणाले, आयुष्यच तेवढं होतं. दैवापुढे कुणाचं चालतं. पी-युन मान हलवत राहिली आणि वेंगला वाटत राहिलं की उठावं आणि सांगावं, दैव वगैरे काही नाही, मी आहे, मी काढली ती स्टेपनी, माझ्या हौसेसाठी, पोरगा नको म्हणत असताना. पण पोराचं शेवटचं मागणं होतं ते. आईला सांगू नकोस. बापाकडे त्याने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर वेंगला ते मागणं सोयीचंही होतं, हे त्याला कळत होतं, आणि जे कळत होतं तेच सगळ्यात जास्त डाचत होतं. पोराच्या शब्दामागे लपून बसलेला बाप. हायवेखालच्या रस्त्यावर धूप पेटवून भटजीने शुनला हाक मारली, त्याला घरी न्यायला म्हणून, आणि परतीच्या वाटेवर पी-युन मांडीवर फोटो घेऊन शेजारी बसली. अशा वेळी गेलेल्याला वाट सांगत आणायचं असतं, पूल आला की पूल आला म्हणून सांगायचं, नाहीतर तो पाण्यापाशी अडतो. चार पूल लागले. प्रत्येक पुलाला ती फोटोकडे वाकून म्हणाली, "शुन, पूल आला रे. मागे राहू नकोस." आवाज तोच होता, खिडकीशी वाकून विचारायची तोच. वेंग गाडी चालवत होता. त्याला पोराशी बोलायचं होतं. माझं चुकलं, एवढे दोन शब्द. पण ती शेजारी होती, म्हणून तो चारही पुलांवर गप्प राहिला, आणि पोरगा घरापर्यंत आला तो आईच्याच आवाजाने.

शुनचे सगळे विधी आटोपले त्या दिवसापासून तिने त्याला हाक मारणं सोडलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, त्यातली सव्वीस ती त्याला "शुनच्या बाबा" म्हणत आली होती. आता ती नुसतं "जेवायला वाढलंय" म्हणायची, हवेला सांगितल्यासारखं. कारखान्यात पाऊल ठेवणंही तिने सोडलं. बाजूच्या जिन्याने यायची-जायची. वेंग स्वतःला सांगायचा, आवाज सोसत नसेल तिला.

खळग्यातले थर आता गरम झाले होते, हात लावला की आतून ताप आल्यासारखे. वरून उदबत्तीचा वास खाली आला आणि त्याच्या लक्षात आलं की आज पौर्णिमा. थोड्याच वेळात जिन्यावरून पी-युनचा आवाज आला, "फळं बांधून ठेवलीत. ताईकडे देऊन ये." प्रतिपदा आणि पौर्णिमा, महिन्यातून दोनदा, नैवेद्य झाला की फळांची पिशवी आन्पिंगला तिच्या थोरल्या बहिणीकडे पोचवायची हे गेली दोन वर्षं त्याचं काम झालं होतं. आधी बहिणी-बहिणींचं फारसं जमायचं नाही. पोर गेल्यावर माणूस मायेला धावतो, असं म्हणून त्याने ते स्वीकारलं होतं. त्याने हात धुतले, पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि निघाला.

देवळाजवळच्या सिग्नलला तो उभा होता. समोर, गेलेल्यांना पोचावं म्हणून जाळतात ते कागदी सामान करणाऱ्या म्हाताऱ्याचं दुकान होतं, दारात बांबूच्या कामट्यांचा अर्धवट बंगला वाळत ठेवलेला. शुनसाठी कागदाची गाडी तिथेच केली होती. पी-युनने रंग सांगितला होता, राखाडी-निळा, आरशांवर चंदेरी कागद, नंबरसुद्धा तोच. दुसऱ्या दिवशी वेंग एकटाच परत गेला. "डिकी उघडणारी करा," तो म्हणाला, "आणि आत स्टेपनी ठेवा."

म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला होता, "मिस्त्री, चाळीस वर्षं हे करतोय. मोटारी केल्या, विमान केलं, एकाला अख्खं कराओके करून दिलं. डिकी उघडायला कुणी सांगितलं नाही. जाळायचीच तर आहे."

"असू दे. बांबूचं कडं करा, वर काळा कागद. नीट गोल."

"आणि तुमचा तो ढोल? तोही ठेवू आत?"

"तो नको," वेंग म्हणाला होता.

जाळायच्या दिवशी सगळे रिंगण करून उभे होते. पी-युनने कागदी गाडीभोवती एक फेरी मारली होती, मागच्या बाजूला जरा थांबली होती, वाकली होती. पोराचा निरोप घेतेय असं त्याला वाटलं. मग आग लागली आणि राखाडी-निळा कागद एका श्वासात गेला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या स्कूटरने हॉर्न दिला, आणि वेंगला एकदम वेगळंच काहीतरी आठवलं. आन्पिंगहून परत आल्यावर कारखान्यातल्या हवेच्या कॉम्प्रेसरचा काटा आठावर, म्हणजे टाकी भरलेली असायची. खिळे मारायच्या बंदुकीसाठी तो कॉम्प्रेसर. समुद्राकाठच्या दमट हवेत टाकी गंजू नये म्हणून वेंग तो रोज संध्याकाळी रिकामा करायचा, दिवसा लागेल तेव्हाच चालवायचा. आणि अधूनमधून तो न लावताच भरलेला मिळायचा. वय झालं, चालू ठेवून गेलो असेन, असं म्हणून त्याने सोडून दिलं होतं. आता त्याने आठवून पाहिलं. ते अधूनमधून नव्हतं. फळांच्या पिशवीचेच दिवस होते ते. त्याने स्कूटर वळवली.

गल्लीच्या तोंडाशी त्याने ती बंद केली आणि चालत आला. कॉम्प्रेसरची धडधड सुपारीवाल्याच्या दुकानापासूनच ऐकू येत होती. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. तो वाकून आत गेला. कुओची स्टेपनी भिंतीला उभी करून ठेवली होती, टणक. पी-युन उकिडवी बसली होती, पूजेचा एप्रन अजून अंगावर, एका हातात नळी, आणि व्हॉल्व्हची छोटी टोपी दातांत धरलेली. जुन्या स्टेपनीवर वाकली होती ती, एखाद्या आजाऱ्याला चमच्याने भरवावं तशी. तिने मान वर करून त्याला बघितलं. दचकली नाही. कॉम्प्रेसर स्वतःहून बंद पडेपर्यंत थांबली, मग दातांतली टोपी काढली.

"फळं?"

"स्कूटरला आहेत."

"ताई वाट बघत बसेल." तिने कुओच्या स्टेपनीकडे हनुवटी केली. "ही कुणाची?"

"गिऱ्हाइकाची."

"साफ बसली होती. भरलीय." मग तिची नजर गाडीच्या उघड्या डिकीकडे गेली, पट्ट्या लावलेल्या खळग्याकडे, आत वाळत असलेल्या फायबरकडे. "पोरंबाळं आहेत त्याला?"

"चार महिन्यांचं आहे एक."

"त्याची स्टेपनी परत ठेव."

"ठेवतो," वेंग म्हणाला. हे सांगायला त्याला काही कष्ट पडले नाहीत. फायबर काढून टाकायचं, सीटखाली मावेल तेवढी छोटी पेटी करायची, कुओ कुरकुर करेल, करू दे. वेंग तसाच उभा राहिला, वाकून आत आला होता तेवढाच वाकलेला. "कधीपासून माहीत आहे?"

"जाळलं त्या दिवसापासून. कागदाची डिकी उघडते कशाला, म्हणून उघडून बघितली." ती नळीच्या तोंडाकडे बघत बोलत होती. "सगळी गाडी हुबेहूब. मापं घेऊन केलेली. आणि तुझी पेटी तेवढी नाही. पेटीच्या जागी स्टेपनी. मी ट्रकवाल्याची पोर आहे, मला काय सांगावं लागतं?"

"बोलली नाहीस."

"तू बोलशील म्हटलं. आज सांगेल, उद्या सांगेल. मग नुसती वाट बघायचीच सवय लागली."

वेंग फरशीवर बसला. "मी काढली ती," तो म्हणाला. "तो नको म्हणत होता. आई विचारते म्हणाला. मी काढली." हे वाक्य त्याने दोन वर्षं इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की आता मोठ्याने ऐकताना ते कुणा दुसऱ्याचंच वाटलं, आणि मग ते आपलंच आहे हे कळून तो रडू लागला, तोंड उघडं ठेवून, हायवेखालीही रडला नव्हता तसा.

"माहीत आहे," पी-युन म्हणाली. असू दे असं ती म्हणाली नाही. तुझा काय दोष असंही म्हणाली नाही.

"त्याने फोनवर सांगितलं होतं. आईला सांगू नकोस म्हणून. शेवटचं तेच बोलला."

तिने एप्रनच्या टोकाने नळीचं तोंड पुसायला घेतलं आणि पुसतच राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. "असं म्हणाला?"

"हसत होता."

"गाढव," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच फाटला. "दोघं बापलेक गाढव. रागावले असते मी. अजून काय केलं असतं? दोन दिवस रागावले असते."

बाहेरून सुपारीवाल्याने काहीतरी विचारलं आणि तो पुढे गेला. वेंगने बाहीने तोंड पुसलं. समोर ती स्टेपनी होती, बाजूंनी ओल्या फडक्याने पुसलेली. इतके दिवस त्याने ती धड बघितलीही नव्हती. वरच्या बाजूलाच भुसा होता.

"आपण दिली होती ना त्याला," तो म्हणाला. "ती जाळली तेव्हा पोचली असेलच. मग ही कशाला भरतेस?"

"कागदाच्या टायरमध्ये हवा कुठे असते?" पी-युन म्हणाली.

तिने प्रेशर बघायचं मीटर एप्रनच्या खिशातून काढून त्याच्यापुढे धरलं. "बघ जरा, शुनच्या बाबा. चष्मा वर राहिलाय माझा, आकडे दिसत नाहीत."

वेंग गुडघ्यांवर पुढे सरकला. मीटर व्हॉल्व्हला जरा तिरकं लागलं, थोडी हवा फस्सकन बाहेर आली आणि दोघांनीही एकदम हात पुढे केले. मग काटा स्थिर झाला. "तीस," तो म्हणाला. "तीस बास."

"बत्तीस कर. सामान असतं त्याच्याकडे."

त्याने नळी पुन्हा लावली आणि बत्तीस केले.